बोंडवालीच्या डाव्या कमानी

वर्धा स्टेशनबाहेर उभं राहिलं की परगावचा माणूस मला लांबूनच ओळखू येतो. तो पायऱ्या उतरतो, पाठीवरची पिशवी सावरतो आणि समोर दिसेल त्या ऑटोवाल्याला विचारतो, "सेवाग्राम?" तिथं जाऊन तो शांत बसतो, मातीच्या भिंतींचे फोटो काढतो, मग पवनारला नदीकाठी जातो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरतो. घरी गेल्यावर लोकांना सांगतो, वर्धा बघून आलो. अरे, कधी बघितलंस? मधलं अख्खं शहर तू मोबाइलमध्ये डोकं घालून ओलांडलंस! सेवाग्रामबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. जगभरातली माणसं आमच्या दाराशी येतात याचा मला अभिमानच आहे. पण मधे एक शहर आहे आणि त्यात बघण्यासारखं काही आहे, एवढं तरी कोणी मान्य करावं की नाही?

मी शाळेत चित्रकला शिकवते. दरवर्षी थंडी पडली की सातवीच्या वर्गाला रांगेनं बाजारात नेते, फुटपाथवर बसवते आणि सांगते, समोर दिसतं ते काढा. दीपमाळेचं देऊळ, जुन्या टॉकीजचा गोलसर दर्शनी भाग आणि त्याखालच्या तिकिटांच्या चिमुकल्या खिडक्या, बारा खांबांवर उभी पाण्याची टाकी, वाचनालयाचा लाकडी सज्जा. पाण्याची टाकी सगळ्यांची लाडकी, कारण ती सोपी. येणारेजाणारे थांबून विचारतात, "म्याडम, हे काय काढून राह्यले लेकरं? इथं काय हाय पाहासारखं?" जन्मभर त्या देवळासमोरून सायकल हाकलेला माणूस मला हे विचारतो. माझं डोकंच फिरतं. मग मी त्यालाही एक कागद देते आणि खाली बसवते.

या सगळ्यांत पोरांना कधीच न जमणारी इमारत एकच, बोंडवाली.

बाजारात तीन रस्ते जिथं मिळतात तिथं ती उभी आहे. कोण्या काळी कापसाचा लिलाव करण्यासाठी बांधलेली, दुमजली. आता खाली दुकानं आहेत आणि वर कुलूप. दर्शनी बाजूला सात कमानी, आणि प्रत्येक कमानीवर चुन्यात काढलेली कपाशीची वेल म्हणा, माळ म्हणा. कुठं पाती लागलेली, कुठं फूल, कुठं मिटलेलं बोंड, कुठं फुटून कापूस बाहेर लोंबणारं. दोन बोंडं सारखी नाहीत. कापूस विकायला आलेले म्हातारे शेतकरी मान वर करून पानं बघायचे आणि ही कोणत्या जातीची कपाशी यावर वाद घालायचे, हे मी लहानपणी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. दगडी किल्ले आणि संगमरवरी घुमट सगळ्यांकडं असतील. आपल्या शेतात उगवतं ते आपल्या इमारतीच्या कपाळावर मिरवणारं गाव मला दुसरं दाखवा.

आणि मला त्या इमारतीचा जरा जास्तच पुळका आहे, हेही सांगून टाकते. ती बोंडं माझ्या बाबांनी काढलेली आहेत.

बाबा गवंडी होते, चुन्याच्या कामाचे. ते जेमतेम विशीत असताना बोंडवालीचा दर्शनी गिलावा फुगून खाली आला. तेव्हा त्यांचे उस्ताद आणि बाबा, दोघांनी मिळून सातही कमानी नव्यानं केल्या. बाबा आमच्या गावाहून, नाचणगावहून, येताना शेतातलं कपाशीचं एक झाड मुळासकट उपटून सायकलला बांधून आणायचे, परांचीच्या फळीवर उभं करायचे आणि त्याच्याकडं बघून हात चालवायचे. झाड सुकलं की दुसरं आणायचं. हे मला आईनं सांगितलं. बाबांनी स्वतःच्या तोंडानं कधी काही सांगितलेलं नाही. त्यांच्या धंद्यात एक रीत होती. उस्तादानं हाती घेतलेलं काम उस्तादाचं. चेल्यानं "हे माझं" म्हणायचं नाही, उस्तादाच्या समोरही नाही आणि माघारीही नाही. उस्ताद जाऊन तीसेक वर्षं झाली, तरी बाबा त्या कमानींना "उस्तादाचं काम"च म्हणत आले. त्यांची ही सवय मला कधीच मानवली नाही, आणि मी त्यांना तसं बोलूनही दाखवलंय.

तर दोन वर्षांपूर्वी बातमी आली, की ज्या मंडळाच्या ताब्यात बोंडवाली आहे ते तिला पाडून तिथं काचेचं कॉम्प्लेक्स उभं करणार. त्याच सुमारास दुसरीही एक बातमी होती. शहराच्या मधल्या भागातल्या बघण्यासारख्या जागांची सरकारी यादी होणार होती. स्टेशनवर तिचा नकाशा लागणार होता, आणि यादीत आलेल्या इमारतींची डागडुजी होणार होती. म्हणजे यादीत आली तर बोंडवाली राहणार, नाही आली तर जाणार. मी नाचणगावला जाऊन बाबांना हे सांगितलं. ते तिथं माझ्या धाकट्या भावाकडं राहतात. बाबांनी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं अंगण उकरलं.

"पाडा म्हना," ते म्हणाले. "फक्त मी गेल्यावर पाडा म्हना. दोन-चार वर्षं थांबा म्हना."

ऐंशीच्या घरातल्या माणसाला आपल्या हातचं काम आपल्या डोळ्यांदेखत ढिगारा झालेलं बघायला लागू नये, यापलीकडं मला दुसरं काही सुचेना. मी अर्ज केले. तीस वर्षांतली मुलांची चित्रं फायलीत घालून पाठवली. तीन पत्रांना उत्तर आलं नाही, चौथ्याला आलं. शनिवारी दुपारी नागपूरहून पथक येणार, इमारत बघणार आणि ठरवणार.

आता माझी चूक सांगते. बोंडवालीच्या खालच्या दुकानदारांना मी त्या आठवड्यात एकत्र बोलावलं. रंगांचं दुकान चालवणारे शेठजी, गादी कारखानावाले चाचा, चहावाली मावशी, आणखी चार-दोन जण. शेठजींच्या आजोबांच्या काळापासून ते दुकान तिथं आहे. मी वर्गात बोलते तसंच बोलले. "पाहुणे घरी येणार म्हटल्यावर आपण घर तसंच ठेवतो का? ते फाटके फ्लेक्स काढा, जळमटं काढा, वायरी गुंडाळा. शनिवारी बोंडवाली नव्या नवरीसारखी दिसली पाहिजे."

"म्याडम, तुमी बिलकुल टेन्शन नका घेऊ," शेठजी म्हणाले. "इज्जत का सवाल हाय आपल्या चौकाचा."

मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर निश्चिंत मनानं नाचणगावला गेले. पथकासमोर बाबा उभे असावेत असं माझ्या मनात होतं. सकाळी जवळच्या पुलगावहून गाडी धरली, वर्ध्याला उतरलो, ऑटो केला. बाबांनी धुतलेलं धोतर आणि टोपी घातली होती. ऑटो चौकात वळला आणि मी बघितलं.

बोंडवाली गुलाबी होती.

लग्नाच्या मांडवाला असतो तसला गुलाबी. पानं पोपटी. आणि बोंडं, बाबांची ती हाडासारखी पांढरी, घोटून घोटून गुळगुळीत केलेली बोंडं, सोनेरी. सातही कमानी ऑइलपेंटनं लखलखत होत्या. खाली शेठजी, चाचा, मावशी आणि निम्मा बाजार ओळीनं उभा होता. सगळ्यांच्या तोंडावर खुशी मावत नव्हती.

"काल दिवसभर लागलो होतो म्याडम," शेठजी म्हणाले. "दुकानातला सर्वात भारी माल लावला. गोल्डन तं खास अमरावतीहून बोलावला. सांगा आता, दिसून राह्यली का नाई नवरी?"

मी नको नको ते बोलले. चौकात, सगळ्यांसमोर. तुम्हाला अक्कल आहे का, कोणी सांगितलं होतं रंगवायला, साठ वर्षांचं काम तुम्ही एका दिवसात बुडवलंत. शेठजींचा चेहरा उतरला. मावशी म्हणाली, "म्याडम, तुमीच तं म्हनलं होतं नवरीसारखी." आणि ते खरं होतं. पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडं रंग लावतात. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात, लग्नाला घर रंगवतात, गणपतीला चौक रंगवतात. ज्याच्यावर माया त्याला रंग. या लोकांनी बोंडवालीवर माया केली होती, आणि ती करायला मीच सांगितलं होतं. जुना चुना होता तसाच बघायचा असतो हे तीस वर्षं मुलांना शिकवणारी मी, ते सांगायचंच विसरले. कारण मला ते इतकं उघड वाटत होतं.

बाबा कधी ऑटोतून उतरले ते मला कळलं नाही. ते डावीकडच्या पहिल्या कमानीच्या खांबापाशी उभे होते. तिथं वेलीचं टोक हाताला येईल इतकं खाली उतरलं आहे. त्यांनी एका सोनेरी बोंडावर नख ठेवलं आणि हलकेच ओढलं. रंगाची पातळ साल निघून आली. खालून पांढरा चुना दिसला.

"ओलाच हाय अजून," बाबा म्हणाले. मग शेठजींकडं वळले. "सेठजी, काल पुसला होता का भिताडाले आधी? पॉलिसपेपर मारला होता?"

"नाई ना काका. टाइम कुठं होता? डायरेक्ट मारला."

"चांगलं केलं," बाबा म्हणाले. "लई चांगलं केलं. घोटलेला चुना हाय, त्याच्यावर हा रंग असा बसत नाई. घासला असता तं बसला असता. आता निंगते. तारपीन आना. आन पत्रा-बित्रा, ब्रश, काई लावायचं नाई. कापूस पाह्यजे, सरकी काढलेला. मऊ."

वर्ध्याच्या बाजारात कापूस मागायचा म्हणजे काय! गादीवाले चाचा दुकानात शिरले आणि एका गिऱ्हाइकाच्या गादीसाठी पिंजून ठेवलेला कापसाचा अख्खा गठ्ठा रस्त्यावर आणून सोडला. शेठजींनी तारपिनाचे डबे फोडले. मावशीनं चहाची पातेली रिकामी करून दिली. बाबा खुर्चीवर बसले आणि कापसाचा बोळा कसा धरायचा ते सगळ्यांना दाखवू लागले. घासायचं नाही, टेकवायचं, रंग कापसाला पिऊ द्यायचा, मग उचलायचा. उचललेला बोळा पुन्हा लावायचा नाही, फेकायचा. नवा घ्यायचा. आणि शेवटी साध्या पाण्याचा हात.

शिडीवर कोण चढणार? शेठजींचं पोट, चाचांचे गुडघे. काल रंगवणारी माणसं दुसऱ्या कामाला गेलेली. मी पदर खोचला.

"तू काऊन चढते, बाई?" बाबा म्हणाले. "पडशीन."

"मग तुम्ही चढता?"

छप्पन्नाव्या वर्षी मी भर बाजारात शिडी चढले, खाली शेठजींनी दोन्ही हातांनी शिडी धरली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या बोंडांना जवळून बघितलं. खालून मी त्यांची शेकडो चित्रं काढली होती. काहीच दिसलं नव्हतं म्हणायचं. फुटलेल्या बोंडाच्या पाकळीला आतून बारीक शिर होती, ती रस्त्यावरून कोणालाच दिसणार नाही. पानाच्या मागच्या बाजूला, जिथं हातही मुश्किलीनं शिरतो, तिथंही घोटाई केलेली होती. कोणासाठी केलं होतं हे? कोणी बघणार नव्हतं. तारपिनानं डोळ्यांत पाणी आलं असं मी खाली सांगितलं, पण ते काही तारपिनाचं नव्हतं. माझ्या बापाच्या हातात एवढं आहे हे मला ऐकून माहीत होतं, पण उमगलं नव्हतं, असं काहीतरी मला वाटलं.

"पान दाबू नको," खालून आवाज आला. "पातळ हाय तिथं. मले माहीत हाय."

दीड कमान झाली होती तेवढ्यात पथक आलं. वेळेच्या आधी. पांढरी गाडी, दोन साहेब आणि एक तिशीतली मुलगी, पँट-शर्टमधली. इमारतींचं शास्त्र शिकलेली तीच होती हे नंतर कळलं. त्यांच्या समोर काय होतं? साडेपाच कमानी गुलाबी-सोनेरी, दीड कमान पांढरी, रस्ताभर रंगानं माखलेले कापसाचे बोळे, आणि शिडीवर पदर खोचलेली, दोन्ही हात सोनेरी झालेली एक बाई. साहेबांपैकी एकजण हसला. मी शिडीवरूनच सांगून टाकलं, "चूक माझी आहे. या लोकांना काही बोलू नका. मी सांगितलं म्हणून त्यांनी रंगवलं, आणि आता आम्ही सगळे काढतोय. काय ठरवायचं ते ही पांढरी दीड कमान बघून ठरवा."

त्या मुलीनं चपला काढल्या. फुटपाथवर, का ते तिलाच माहीत. मग ती खांबापाशी आली आणि पुसलेल्या बोंडावर तळवा ठेवून उभी राहिली.

"हे थंड आहे," ती म्हणाली. "दुपारचं ऊन आहे आणि हे थंड आहे."

"चुना हाय तो," बाबा म्हणाले.

तिनं विचारलं आणि बाबांनी सांगितलं. चुना किती दिवस भिजवायचा, बैल जुंपून घाणीत कसा दळायचा, गुळाचं पाणी कधी, बेलफळाचा गर कधी, ताग किती बारीक कापायचा, शेवटचा हात गारेच्या दगडानं किती वेळ. बाबा जन्मात सलग इतकं बोललेले मी ऐकले नव्हते. मुलगी लिहून घेत होती. साहेबांनी फोन खिशात ठेवले. शेठजींनी माझी शिडी कधी सोडली ते मला समजलंच नाही, तेही ऐकायला जाऊन उभे राहिले होते.

मग तिनं वर बघत विचारलं, "पण ही बोंडं कोणी काढली?"

"उस्तादानं," बाबा म्हणाले. "मी चुना मळला."

मला असा राग आला की शिडीवरून उडीच मारावी. मी ओरडणार होते. पण बाबांनी वर माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात असं काही होतं, की मी तोंड मिटलं. मुलीनं "उस्ताद" असं लिहून घेतलं. पथक पुढं टॉकीजकडं गेलं. आम्ही त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तीन कमानी साफ केल्या, आणि पुढच्या दोन दिवसांत उरलेल्या. चाचांच्या गिऱ्हाइकाची गादी आठ दिवस लांबली. त्या माणसाला कारण कळलं तेव्हा तो स्वतः येऊन एक कमान पुसून गेला.

बोंडवाली यादीत आली.

हे वाक्य मी अजून अधूनमधून मोठ्यानं म्हणून बघते. पत्र आलं तेव्हा शेठजींनी चौकात पेढे वाटले आणि माझ्या पाया पडायला निघाले. मीच त्यांना हात जोडले. कॉम्प्लेक्स दुसरीकडं गेलं. काही महिन्यांनी स्टेशनवर मोठा रंगीत नकाशा लागला. देऊळ, टॉकीज, टाकी, वाचनालय, आणि मधोमध बोंडवाली. खाली ओळ होती, "कमानींवरील कापसाचे चुनेकाम प्रेक्षणीय". कोणाचंच नाव नव्हतं. उस्तादाचंही नव्हतं.

बाबांना कळवलं, तर ते म्हणाले, "मले पाहाचं हाय. जसे बाहेरचे लोक पाह्यतात ना, तसं. स्टेशनपासून."

आम्ही थंडीतल्या एका सकाळी पुलगावहून आलो. बाबा नकाशासमोर बराच वेळ थांबले. त्यांना वाचता येत नाही, पण चित्रातली बोंडवाली त्यांनी ओळखली आणि तिच्यावर बोट ठेवलं. बाहेर आलो तर एक ऑटोवाला पुढं झाला. पन्नाशीचा असावा, स्वेटर घातलेला. "सेवाग्राम, पवनार?" त्यानं सवयीनं विचारलं.

"शहर बघायचंय," मी म्हणाले. "नकाशात आहे ते सगळं."

"मंग बसा ना! मी स्वतः दाखवतो. आजकाल लई लोक येऊन राह्यले."

तो मनापासून दाखवत होता. देवळापाशी ऑटो उभा करून दीपमाळेचे थर मोजून दाखवले. टॉकीजची गोष्ट सांगितली, टाकीखाली कोणी काय पाहिलं तेही सांगितलं. निम्मं खोटं होतं, पण काय रंगून सांगत होता! माझं शहर हा माणूस मिरवत होता आणि मी मागे बसून फुलून आले होते. मला जे तीस वर्षं फुटपाथवर बसून जमलं नाही ते या बुवानं सहा महिन्यांत आपलंसं केलं होतं. मग आम्ही चौकात आलो. त्यानं ऑटो कडेला घेतला.

"हे पाहा काका. हे आमच्या वर्ध्याची शान. बोंडवाली. वरतं पाहा, कापूस कसा फुटला हाय. खरा वाटते का नाई?"

"हाव," बाबा म्हणाले.

"इथल्या मानसाचं काम नोहे हे. विलायतेहून कारागीर आनले होते त्या काळी. इंग्रजानं. आपल्या लोकाईले कुठं जमते असं बारीक काम!"

बाबा कमानींकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं आणि माझा संताप मस्तकात गेला. त्या ऑटोवाल्यावर नव्हे, त्यानं प्रेमानंच सांगितलं होतं. रंगही प्रेमानंच लावला होता.

"विलायतेहून नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "नाचणगावहून. सायकलवर. आणि ते कारागीर तुमच्या ऑटोत बसलेत."

ऑटोवाला मागे वळला. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मी थट्टा करते की काय म्हणून. मग बाबांच्या हातांकडं. चुन्यानं खाल्लेली बोटं लपत नाहीत. नखं मोडकी, तळव्याची कातडी जळून जळून कागदासारखी झालेली. त्यानं किल्ली फिरवून ऑटो बंद केला. मागे हॉर्न वाजायला लागले.

"काका," तो म्हणाला, "मले माफ करजा. मी रोज दहा लोकाईले चुकीचं सांगून राह्यलो. तुमी खाली उतरा. मले नीट सांगा, उद्यापासून बरोबर सांगतो."

त्यानं हात दिला. बाबा उतरले. शेठजी दुकानातून धावत आले, चाचा आले, मावशी कपबशी हातात घेऊनच आली. बाबा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि सगळे त्यांच्याभोवती. मला वाटलं, आता म्हणतील, मी फक्त चुना मळला. त्यांनी टोपी काढली, वर बघितलं आणि बोटानं मोजू लागले.

"उजव्या अंगाच्या तीन उस्तादाच्या," बाबा म्हणाले. मग बोट डावीकडं सरकवलं. "डाव्या अंगाच्या चार माह्या."